हायड्रेशन सॅक : टूसॉनच्या वाळवंटात आणि डोंगरात सर्व ऋतूंत वापरल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात आम्ही घरातल्या चौघांसाठी हायड्रेशन सॅक घेतल्या. ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, पाठीवरच्या लहान सॅकमध्ये प्लास्टिकचे एक लवचिक ब्लॅडर बसते, त्यातून निघालेली नळी खांद्यावरून पुढे येते आणि नळीच्या टोकाची मऊ तोटी दातांनी दाबून ओढली की पाणी तोंडात येते. आमच्या दोन मोठ्या सॅकमध्ये तीन-तीन लिटरची ब्लॅडर आहेत आणि मुलांच्या सॅकमध्ये दीड-दीड लिटरची. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा सहा वर्षांचा. हिवाळा, वसंत, कोरडा उन्हाळा आणि आता सरत आलेला पावसाळा असे येथील सगळे हवामान या सॅकनी सोसले आहे, त्यामुळे आता काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. मोठ्यांच्या सॅक एका कंपनीच्या आणि मुलांच्या दुसऱ्या कंपनीच्या आहेत. नावे मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे गुणदोष लिहिले आहेत ते दोन्हींत जवळपास सारखेच आढळले.

माझे मत आधीच सांगते. या वस्तूचा खरा फायदा पाणी जास्त नेता येते हा नाही, कारण तेवढे पाणी बाटल्यांतूनही नेता येते. फायदा असा की मूल न थांबता, न मागता, चालता चालता पाणी पिते. आणि तिचा सर्वांत मोठा दोषही इथूनच सुरू होतो: कोणी किती प्यायले आणि मागे किती उरले, हे कोणालाच दिसत नाही.

आम्ही ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे राहतो. शहर सोनोरन वाळवंटात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७३० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि उत्तरेला सांता कॅटलिना, पूर्वेला रिंकन, दक्षिणेला सांता रिटा व पश्चिमेला टूसॉन माउंटन्स अशा डोंगररांगांनी वेढलेले आहे. शहराच्या ईशान्य कडेला सुरू होणारा सुमारे ४३ किलोमीटरचा घाटरस्ता सग्वारो निवडुंगांच्या जंगलातून निघून पाइन आणि फरच्या झाडीत, माउंट लेमनच्या २,७९० मीटर उंचीच्या माथ्याजवळ नेऊन सोडतो. जूनमध्ये खाली ४० अंश सेल्सियस असताना वर स्वेटर काढावा की ठेवावा असा प्रश्न पडतो. त्यामुळे एखादी वस्तू ‘वाळवंटासाठी’ किंवा ‘डोंगरासाठी’ अशी वेगवेगळी घेऊन आमचे भागत नाही. एकाच दिवसात तिला दोन्हीकडे चालावे लागते.

सह्याद्रीत ट्रेक करून इकडे आलेल्या माणसाला येथील उन्हाचा अंदाज पटकन येत नाही. राजमाची किंवा हरिश्चंद्रगड चढताना शर्ट पिळून काढण्याइतका घाम येतो, म्हणून पाणी प्यायला हवे हे शरीर ओरडून सांगते. येथे मे आणि जूनमध्ये दुपारची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा १० टक्क्यांच्याही खाली जाते आणि घाम कातडीवर दिसण्याआधीच उडून जातो. शर्ट कोरडाच राहतो. टोपीच्या कडेवर आणि सॅकच्या पट्ट्यांवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात, तेवढीच काय ती खूण. मोठ्या माणसाने उन्हात चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी प्यावे असे येथे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मुलांना मात्र तहान लागल्याचे फार उशिरा कळते आणि खेळात असतील तर तेव्हाही कळत नाही. पूर्वी आमच्या मुलाला दर पंधरा मिनिटांनी थांबवून, बाटली काढून, झाकण उघडून ‘दोन घोट तरी घे’ म्हणावे लागे आणि त्याचे उत्तर ठरलेले असे, ‘मला नकोय’. नळी खांद्यावर लोंबायला लागल्यापासून तो ती च्युइंगमसारखी चावत असतो आणि त्या निमित्ताने पाणी पोटात जाते. एवढ्या एका कारणासाठीही मी ही वस्तू पुन्हा घेईन.

हिवाळ्यात सासू-सासरे साताऱ्याहून आले होते. सासूबाईंनी नातवंडांना नळीने पाणी पिताना पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, ही काय सलाइन लावून फिरवतेस पोरांना?” त्यांनी स्वतः शेवटपर्यंत तोटीला तोंड लावले नाही आणि तांब्याऐवजी निदान स्टीलची बाटली चालवून घेतली. त्यांचा आक्षेप अगदीच हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण भांड्याला तोंड न लावता वरून पाणी पिणाऱ्या घरात तोटी उष्टी होणे ही अडचण आहेच. प्रत्येकाची सॅक प्रत्येकाची, दुसऱ्याने तोटीला तोंड लावायचे नाही, हा आमच्याकडचा नियम आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य आहे आणि सर्दीच्या दिवसांत तो काटेकोर पाळला पाहिजे.

थंडीतला दोष आम्हाला डिसेंबरमध्ये माउंट लेमनवर कळला. वर समरहेवन नावाचे छोटे गाव आहे, त्याच्याजवळ स्कीइंगचा उतारही आहे, आणि बर्फ पडला की निम्मे टूसॉन मुलांना बर्फात लोळवायला वर जाते. शून्याखालच्या हवेत सगळ्यांत आधी नळीतले पाणी गोठते. ब्लॅडरमधले पाणी पाठीच्या उबेमुळे द्रव राहते, पण वाटच बंद झाल्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक वेळी पाणी प्यायल्यावर तोटी दाबून नळीत फुंकर मारायची, म्हणजे नळीतले पाणी मागे ब्लॅडरमध्ये जाते आणि नळी रिकामी राहते. मोठ्यांना हे जमते. सहा वर्षांच्या मुलाला हे शिकवायला गेले की तो नुसता बुडबुडे काढत बसतो. म्हणून बर्फात आम्ही मुलांना सॅक देत नाही, कोमट पाण्याचा थर्मास नेतो.

हीच फुंकर उन्हाळ्यात दुसऱ्या कारणासाठी मारावी लागते. खांद्यावरची काळी नळी दहा मिनिटे उन्हात राहिली की पहिला घोट चहासारखा गरम लागतो, आणि मुले तो थुंकून टाकतात. जिथे प्रत्येक घोट पाठीवरून वाहून आणलेला असतो तिथे हे परवडत नाही. नळीवर चढवायचे जाड कापडी आवरण वेगळे विकत मिळते. ते आम्ही घेतले आणि थोडाफार फरक पडला. खरा फरक पडतो तो ब्लॅडर आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवल्याने. ते अर्धेच भरायचे, आडवे ठेवायचे आणि सकाळी उरलेली जागा गार पाण्याने भरायची. पूर्ण भरून ठेवू नये, कारण बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि शिवण उसवू शकते. अर्ध्या बर्फाचे ब्लॅडर पाठीला गारवाही देते, पण मुलांच्या पाठीला ते बोचते, म्हणून मध्ये एक पंचा घडी करून ठेवावा.

सासऱ्यांना ब्लॅडर पाहून एसटीच्या आणि ट्रकच्या पुढे टांगलेल्या छागलीची आठवण झाली, आणि त्यांनी लगेच विचारले की हे आपोआप गार का होत नाही. प्रश्न नेमका होता. जाड कापडाच्या छागलीतून पाणी झिरपते, बाहेरच्या बाजूने त्याचे बाष्पीभवन होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून जाते. म्हणून थोडे पाणी गमावून उरलेले गार मिळते. अमेरिकेच्या या भागातही जुन्या काळी मोटारींच्या पुढे अशाच कापडी पिशव्या टांगत असत. प्लास्टिकचे ब्लॅडर थेंबही झिरपू देत नाही, त्यामुळे ते गळत नाही आणि गारही होत नाही. येथील कोरड्या हवेत छागल उत्तम चालेल यात शंका नाही, पण सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर ओली छागल बांधता येत नाही.

आता न दिसणाऱ्या पाण्याविषयी. सबिनो कॅन्यनच्या शेजारी बेअर कॅन्यनमध्ये सेव्हन फॉल्स नावाची धबधब्यांची जागा आहे. पर्यटन केंद्रापासून पायी जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटर पडतात आणि वाटेत ओढा अनेकदा ओलांडावा लागतो. मार्चमध्ये तिथे गेलो होतो. धबधब्याच्या कुंडाशी पोहोचेपर्यंत मुलीच्या नळीतून गुर्र असा आवाज आला, म्हणजे दीड लिटर संपले होते आणि परतीची सगळी वाट बाकी होती. तिने काही चुकीचे केले नव्हते. ती पीत होती, जसे आम्ही सांगितले होते तसेच. बाटली असती तर पातळी डोळ्यांना दिसली असती. त्या दिवशी आमच्या मोठ्या ब्लॅडरमधून तिला पाणी देता आले, पण चालत्या वाटेवर एका ब्लॅडरमधून दुसऱ्यात पाणी ओतणे हे दोन माणसांचे काम आहे आणि त्यात सांडतेच. तेव्हापासून एक लिटरची साधी बाटली नवऱ्याच्या सॅकच्या तळाशी असते आणि ती गाडीपाशी परत येईपर्यंत उघडायची नाही असे ठरले आहे. शिवाय प्रत्येक विसाव्याला आम्ही सगळ्यांची ब्लॅडर हाताने उचलून पाहतो आणि कोणाचेही अर्धे झाले की तिथून मागे फिरतो, मग पुढे दहा मिनिटांवर कितीही सुंदर काही असो. मुलांना हा नियम आवडत नाही. सूट मिळत नाही.

हा नियम ग्रँड कॅन्यनमध्ये फार उपयोगी पडला. आपल्याकडे गडावर आधी चढायचे आणि दमल्यावर उतरायचे असते. तिथे सगळे उलटे, आधी उतार आणि मग चढ. दक्षिण काठावरून साउथ कायबॅब वाटेने खाली जाताना पाय आपोआप पळतात, आणि त्या वाटेवर पिण्याचे पाणी कुठेही मिळत नाही. उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा असे उद्यानाचे लोक सांगतात, आणि मुले बरोबर असतील तर हा हिशेब कमीच पडतो. म्हणजे उतारावर अर्धे पाणी संपवणे हेसुद्धा तिथे जास्त झाले. तिथे आम्ही एक तृतीयांशावरच परत फिरलो.

चोया या निवडुंगाबद्दल वेगळे लिहायलाच हवे. त्याच्या पेरांवरचे काटे सूक्ष्म उलट्या आकड्यांचे असतात, जरासा स्पर्श झाला की अख्खे पेर तुटून चिकटते आणि हाताने ओढायला जावे तर हातालाच रुतते. म्हणून येथील पालकांच्या सॅकमध्ये रुंद दातांचा कंगवा असतोच. तो पेराखाली घालून झटक्यात उडवायचे. सग्वारो राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम भागात विसाव्याला मुलाने सॅक जमिनीवर टाकली, तिच्या तळाला चोयाचे पेर चिकटले आणि एक काटा कापडातून आत ब्लॅडरमध्ये शिरला. छिद्र सुईच्या टोकाएवढे असेल. दिवसभर पाठ ओली होत राहिली आणि आम्ही तो घाम समजत होतो, जूनमध्ये इथे घामाने पाठ ओली होत नाही हे ठाऊक असूनही. पंक्चर काढायला मिळणारी पारदर्शक चिकटपट्टी लावून ते ब्लॅडर आजही चालू आहे, मात्र ब्लॅडर पूर्ण कोरडे करून, स्पिरिटने पुसून मगच पट्टी लावावी लागते. सॅक खाली ठेवायची तर दगडावर, झाडाखाली नाही, हे मुले आता आम्हालाच शिकवतात.

स्वच्छता हा या वस्तूचा कंटाळवाणा भाग आहे, आणि दुकानात याविषयी कोणी बोलत नाही. नवीन ब्लॅडरच्या पाण्याला पहिले काही आठवडे प्लास्टिकचा वास येतो. खाण्याचा सोडा दोन चमचे लिटरभर पाण्यात घालून रात्रभर ठेवला आणि सकाळी लिंबाच्या पाण्याने खळबळून काढले की तो बराच कमी होतो. त्यानंतरचे काम रोजचे. टूसॉनच्या नळाला येणारे पाणी मोठ्या प्रमाणावर कोलोरॅडो नदीचे असते, ते सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्यातून वाळवंट ओलांडून येते, जमिनीत मुरवले जाते आणि मग भूजलाबरोबर उपसून शहराला दिले जाते. पाणी चांगले आहे, पण जड आहे. तोटीच्या फटीत क्षारांचा पांढरा थर धरतो आणि तोटी नीट मिटेनाशी होऊन ठिबकू लागते. महिन्यातून एकदा तोट्या काढून कोमट पाण्यात व्हिनेगर घालून भिजवल्या तर हा त्रास होत नाही. नळीसाठी लांब तारेचा ब्रश लागतो. तो सॅकबरोबर आला नव्हता, वेगळा घ्यावा लागला. येथील हवा इतकी कोरडी आहे की उलटे टांगलेले ब्लॅडर काही तासांत वाळते, फक्त आतल्या दोन भिंती एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये काहीतरी अडकवावे लागते. आम्ही लाकडी चमचा घालतो. पावसाळ्यात मात्र वाळायला दिवस जातो.

ब्लॅडरमध्ये साध्या पाण्याशिवाय काहीही घालू नये. सरबत, कोकम, साखरेचे कोणतेही पेय घातले की दोन दिवसांत नळीत काळपट बुरशी धरते, आणि एकदा धरली की नळी बदलणे हाच मार्ग उरतो. पण नुसतेच पाणी पीत राहणेही लांबच्या चालीत धोक्याचे असते, कारण घामावाटे मीठ जाते आणि वर भरमसाट पाणी प्यायले की रक्तातले सोडियम आणखी खाली येते; मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे अशी त्याची लक्षणे उष्माघातासारखीच भासतात. म्हणून मीठ खाण्यातून द्यायचे. खारे दाणे, चिवडा, लोणच्याची फोड घातलेली पोळीची गुंडाळी आणि सासूबाईंनी आणलेली आवळा सुपारी हा आमचा वाटेवरचा खुराक आहे. मीठ-साखर-लिंबाचे पाणी वेगळ्या बाटलीत असते.

रोजच्या जगण्यात सॅकचा वापर आमच्या अपेक्षेपेक्षा कमी झाला. मुलांच्या शाळेत बाटली चालते, सॅक गैरसोयीची होते. फुटबॉलच्या सरावाला मुलगी नेत असे, पण बाकाशी थांबून प्यायचेच असेल तर बर्फ घातलेली स्टीलची बाटली केव्हाही सरस, कारण तिच्यात पाणी संध्याकाळपर्यंत गार राहते. उपयोग झाला तो सायकलवर. शहराभोवती कोरड्या नदीपात्रांच्या काठाने दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीची पक्की वाट आहे, तिला सगळे ‘द लूप’ म्हणतात, आणि रविवारी पहाटे रिलिटो नदीच्या काठच्या टप्प्यावर आम्ही चौघे जातो. हात न सोडता पाणी पिता येणे मुलांच्या सायकलवर फार महत्त्वाचे ठरते. एक सूचना: सॅक उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवून देऊ नये. पाण्याला पुन्हा प्लास्टिकचा वास येऊ लागतो आणि मुलांच्या एका सॅकमधील चिकटवलेली पट्टी त्या उष्णतेत सुटली.

येथील पावसाळा, ज्याला सगळे मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर असा धरला जातो. प्रत्यक्ष पाऊस बहुधा जुलैत येतो. दुपारनंतर ढग सांता कॅटलिनावर चढतात, विजा कडाडतात आणि कोरडे ओढे काही मिनिटांत दुथडी वाहू लागतात, त्यामुळे या दिवसांत घळीतल्या वाटा आम्ही पूर्ण टाळतो आणि उंचावरून दुपारच्या आत खाली येतो. सॅकच्या दृष्टीने हा सर्वांत वाईट काळ, कारण हवेत ओल आली की घाम उडत नाही आणि पाठीला चिकटलेली सॅक कोकणातल्या मे महिन्याची आठवण करून देते. मोठ्यांच्या सॅकला पाठीकडे जाळी आणि मध्ये हवा खेळायला फट आहे. मुलांच्या सॅकला नुसता फोमचा पट्टा आहे. मुलाच्या पाठीवर घामोळे आले ते याच दिवसांत.

घेताना काय पाहावे, तर ब्लॅडरचे तोंड हात आत जाईल एवढे रुंद असावे, नळी ब्लॅडरपासून कळ दाबून सुटी होणारी असावी, तोटीला बंद करायचा खटका असावा आणि तोट्या सुट्या विकत मिळत असाव्यात. मुलाने चावून चावून दोन तोट्या फाडल्या, आणि सुटी तोटी मिळाली नसती तर अख्खी सॅक बाद झाली असती. मुलांसाठी दीड लिटरपेक्षा मोठे ब्लॅडर घेऊ नका. भरलेले तीन लिटर म्हणजे पाठीवर तीन किलो, आणि अर्ध्या वाटेनंतर ते आईच्या पाठीवर येतात. मोठ्यांसाठी मात्र वाळवंटात तीन लिटरच घ्या. किंमत आम्हाला मोठ्या सॅकला शंभर डॉलरच्या आसपास आणि लहानांना त्याहून बरीच कमी पडली.

महाराष्ट्रात घ्यावी का, असे बहिणीने विचारले होते. तिला लिहिले ते असे: पावसाळी ट्रेकला नको, कारण ब्लॅडर तिथे वाळणार नाही आणि चिखलाने तोटी माखेल, पण मार्च ते मे या काळात मुलांना घेऊन गडावर जाणार असशील तर दोन लिटरची जरूर घे, तोटीवर टोपण असलेलीच घे, आणि गडावरच्या टाक्यांचे पाणी ब्लॅडरमध्ये गाळल्याशिवाय भरू नकोस, कारण नळीत गेलेला गाळ ब्रशनेसुद्धा निघत नाही.